चिंगी लिमयेची लस

"मोती सहस्रबुद्धे, आत या."

हे वाक्य पुकारताना मला कधी हसू आलं नाही. पहिला महिना आलं असेल, नंतर नाही. आमच्या दवाखान्यात केसपेपरवर प्राण्याचं नाव आणि पुढे घरच्यांचं आडनाव लिहायची पद्धत होती. एकट्या पेठेत मोती इतके होते की नुसतं 'मोती' म्हटलं तर चार जण उठायचे. त्यामुळे आमच्याकडे टायगर जोगळेकर होते, मनी आगाशे होत्या, विठू गोडबोले नावाचा पोपट होता आणि शेरू वाघ नावाचा एक कमालीचा भित्रा पॉमेरियन होता. मालकांना या पद्धतीचं कौतुक होतं. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्या सुनेनं लग्नानंतर आडनाव बदललं नाही, पण मनीनं बदललं हो."

मी सदाशिव पेठेतल्या या दवाखान्यात टेबलाशी बसायचे. आधी एका कंपनीत टायपिस्ट होते. तिथे कॉम्प्युटर आले आणि आम्हा टायपिस्ट बायकांना सन्मानपूर्वक घरी पाठवण्यात आलं. तेव्हा मिळेल ती नोकरी म्हणून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत हलले नाही. लोक मला सुरुवातीला ताई म्हणत, मग काकू म्हणू लागले आणि शेवटी शेवटी आजी. माझी बढती झाली ती एवढीच.

मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं, "म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात? घाण वगैरे असेल ना?" मी म्हटलं, "आमचे पेशंट स्वच्छ असतात. बरोबर येणाऱ्यांचं सांगता येत नाही." लग्न तरीही ठरलं.

वैद्यक मला कधी कळलं नाही. कळलं ते साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं माणूस. दवाखान्याचे मालक, डॉक्टर अभ्यंकर, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो, ते प्राण्याला बघायचे आणि मी माणसाला. ही कामाची वाटणी कोणी केली नव्हती, आपोआप पडली. मी त्या नोकरीची ऋणी आहे. दुःख झालेल्या माणसाजवळ नुसतं बसता येतं, काही बोलावं लागत नाही, हे मला तिथे समजलं आणि पुढे ते घरीही फार उपयोगी पडलं.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. म्हातारा किंवा बरा न होणारा प्राणी असेल, वेदना थांबत नसतील, तर त्याला 'झोपवतात'. मारणे हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. आधी एक इंजेक्शन देतात, त्याने तो हळूहळू गुंगतो आणि गाढ झोपतो. मग दुसरं देतात, त्याने झोपेतच हृदय थांबतं. प्राण्याला त्रास होत नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्रास होतो तो टेबलाभोवती उभ्या असलेल्यांना. देणाऱ्यालाही होतो, हे मात्र लोक विसरतात. सकाळी ज्या हातांनी पिल्लाला लस टोचायची, त्याच हातांनी दुपारी हे करायचं आणि लगेच पुढच्या पेशंटला हसून "काय म्हणतंय बाळ?" विचारायचं.

मोठ्या डॉक्टरांचा एक नियम होता. झोपवताना घरचं कोणी आत थांबायचं नाही. पूर्वी एकदा एका गृहस्थांनी ऐन वेळी डॉक्टरांचा हात धरला होता आणि सुई भलतीकडेच घुसली होती. तेव्हापासून नियम झाला. तो क्रूरपणाने केलेला नव्हता. घरच्यांना ते बघावं लागू नये, अशीच त्यांची भावना होती. घरचे बाहेर बाकावर बसत. सगळं संपल्यावर मी त्यांना मागच्या दाराने अंगणात नेत असे. रडवेला चेहरा घेऊन उड्या मारणाऱ्या पिल्लांमधून जायला लागू नये म्हणून. तिथे एक बाक होता, शेजारी तुळस होती आणि माझा चहा असायचा.

पेठेतला माणूस अशा वेळी रडत नाही. तो हुज्जत घालतो. "तुमचं घड्याळ पुढे आहे." "केसपेपरवर तारीख चुकलीये." "हा बाक इथे कोणी ठेवला?" नवीन होते तेव्हा मी उत्तरं द्यायचे. मग समजलं की हेच त्यांचं रडणं आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी मांजर गेल्यावर माझ्या चहात आलं जास्त झाल्याबद्दल बराच वेळ व्याख्यान दिलं आणि उठताना म्हणाले, "उद्या पुन्हा येईन. आलं कमी घाला." ते पुढे कितीतरी दिवस येत राहिले. मी आलं कमी करत गेले.

एक गोष्ट मात्र कोणालाही सांगायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. 'दुसरं आणा' हे. नवरा गेलेल्या बाईला आपण असं म्हणतो का?

पुढे पुणं बदललं. खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या बाकावर गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली मुलं दिसायला लागली. ही मुलं मोकळेपणी रडत. निखिल त्यातला पहिला. कॉलेजात असताना तो पेठेत खोली घेऊन राहायचा. तेव्हा त्याने रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं, ब्राऊनी नाव ठेवलं आणि खोलीमालकांपासून ते लपवायच्या कामी आम्ही सगळ्यांनी हातभार लावला. पुढे तो खराडीत नोकरीला लागला, विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला, पण ब्राऊनीला घेऊन यायचा तो आमच्याकडेच. ब्राऊनी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला तेव्हा निखिल मागच्या बाकावर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

"काकू, मॅनेजरला काय सांगू? आज सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. डॉग गेला म्हटलं तर हसतील सगळे."

"घरात मृत्यू झालाय, असं सांग."

"पण ते खोटं ना, काकू."

"का? तो घरात राहत नव्हता?"

त्याने फोन लावला. पलीकडून 'कोण गेलं' असं विचारलं असावं, कारण हा अडखळत "ब्राऊनी" म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सर म्हणाले, दोन दिवस येऊ नकोस. त्यांची मांजर गेल्या वर्षी गेली. त्यांनी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं." त्या मॅनेजरसाहेबांना मी कधी पाहिलं नाही. पण अजूनही त्यांचं भलं चिंतते.

निखिलने या उपकाराची फेड म्हणून, खरं तर उपकार कसला, आमच्या दवाखान्यासाठी एक प्रोग्राम बनवून दिला. कॉम्प्युटरने माझी एक नोकरी घालवली होती, दुसऱ्या नोकरीत तो माझ्या टेबलावर येऊन बसला. सगळ्या पेशंटांची नावं त्यात घातली होती आणि लसीची तारीख आली की मालकाच्या मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. तोही निखिलच्या डोक्यातून आलेला, थेट प्राण्याच्याच नावाने. 'प्रिय मोती, तुझ्या लसीची वेळ झाली आहे. शनिवारी दवाखान्यात ये. आम्ही तुझी वाट पाहत आहोत.' लोक ते निरोप एकमेकांना दाखवायचे. मोठे डॉक्टर कुरकुरले, "कुत्र्यांना वाचता येतं का?" पण गर्दी वाढली तसे गप्प झाले.

याच सुमारास डॉक्टर वानखडे आमच्याकडे आले. अकोल्याकडचे, शेतकरी घरातले, नागपूरला शिकलेले, अंगाने आडवे आणि हाताने हलके. माणसांशी बोलताना जपून पुस्तकी मराठी बोलायचे, कारण पेठेने त्यांना पहिल्याच आठवड्यात दोनदा दुरुस्त केलं होतं. जनावरांशी बोलताना मात्र अस्सल वऱ्हाडी. "काऊन बे, काय झालं तुले? जेवून नाई राह्यला म्हणे?" अल्सेशियनसुद्धा कान टवकारून ऐकायचे. बघता बघता सदाशिव पेठेतल्या कुत्र्यांना वऱ्हाडी कळू लागली. मोठे डॉक्टर थकत चालले होते आणि दवाखाना आता वानखडेच चालवणार, असं सगळे धरून चालले होते.

आणि मग चिंगीची वेळ आली.

चिंगी ही लिमयेकाकांची. काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगी अमेरिकेत. चिंगी गावठी, तांबूस, एका कानाने वाकडी. एकदा ती दूध आणायला गेलेल्या काकांच्या मागे चालत घरापर्यंत आली आणि परत गेलीच नाही. काका म्हणायचे, "मी पाळलेली नाही. ती राहते आमच्याकडे." दिवसातून तीनदा तिला फिरवायचे, स्वतःच्या आधी तिला वाढायचे, तरी पाळलेली नाही. तिच्या पोटात गाठ झाली, पसरली, आणि एके दिवशी काका तिला रिक्षातून मांडीवर घेऊन आले. मोठे डॉक्टर त्या दिवशी परगावी होते. वानखडेंनी तपासलं आणि हळूच मान हलवली.

"मी आत थांबतो," काका म्हणाले.

"नाही काका. इथला नियम आहे. बाहेर बसावं लागेल."

नियम म्हटल्यावर काका गप्प झाले. जन्मभर पोरांना नियम शिकवलेला माणूस. दार लागलं. ते बाकावर ताठ बसून राहिले, हातात साखळी. थोड्या वेळाने वानखडे बाहेर आले आणि म्हणाले, "शांतपणे गेली." काकांनी मला सांगितलं, "तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या महिन्याचं आहे," आणि चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर वानखडे बदलले. इंजेक्शनं व्हायची, टाके पडायचे, पण ते जनावरांशी बोलेनासे झाले. मुक्याने काम करायचे. कोणाला झोपवायचं असलं की आदल्या दिवसापासून जेवायचे नाहीत. मी चार वेळा विचारलं, चार वेळा "काही नाही काकू" ऐकलं. आणि एक दिवस त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगून टाकलं की कल्याणीनगरला एका पशुखाद्य कंपनीत त्यांना नोकरी मिळतेय, महिनाअखेर ते जातील. मोठे डॉक्टर त्या संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तो गेला तर मी हे बंद करेन," एवढंच म्हणाले. मला स्वतःच्या नोकरीची काळजी नव्हती, वय झालंच होतं. पण इतक्या हलक्या हाताचा माणूस गोण्या विकायला जाणार, याने मला झोप लागेना.

अशातच एका शनिवारी सकाळी दवाखाना उघडते तर बाकावर लिमयेकाका. इस्त्रीचा सदरा, हातात चिंगीची साखळी गुंडाळलेली. मला वाटलं, दवाखान्याला द्यायला आणली असेल. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

'प्रिय चिंगी, तुझ्या लसीची वेळ झाली आहे. शनिवारी दवाखान्यात ये. आम्ही तुझी वाट पाहत आहोत.'

मी तिथूनच निखिलला फोन केला. गेलेल्या पेशंटचं नाव काढतात कुठून, असं विचारलं. निखिल म्हणाला, "काकू, तसं बटण त्यात नाहीये. मला ते टाकवलंच नाही. प्रोग्राम करून बघताना पहिलं नाव मी ब्राऊनीचंच घातलं होतं, तेच आधी काढावं लागलं असतं." म्हणजे आमच्या प्रोग्राममध्ये जन्माची सोय होती, लसीची होती, पत्ता बदलायची होती. मरायची नव्हती. मी काय रागावणार त्या पोराला?

काकांपाशी जाऊन मी हात जोडले. "काका, फार मोठी चूक झाली. माफ करा."

"माफी कशाला? बोलावणं आलं, आलो. आमच्याकडे तशी पद्धत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या डॉक्टरांना भेटायचंय. एकच प्रश्न आहे. त्या दिवशी विचारायचा राहिला."

तेवढ्यात वानखडे आले. काकांना पाहिलं आणि दारातच थबकले. मला वाटलं, आता हा माणूस महिनाअखेरपर्यंतसुद्धा थांबत नाही. मी दोघांना मागच्या अंगणात नेलं आणि पुढच्या दाराला पाटी लावली: 'दवाखाना थोडा वेळ बंद आहे. बेल वाजवल्यास आणखी थोडा वेळ बंद राहील.' मग चहा घेऊन गेले आणि परत यायला पाय निघेना, म्हणून तिथेच उभी राहिले.

काका म्हणत होते, "शेवटी काय झालं? मी बाहेर होतो."

"शांतपणे गेली, काका."

"ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. मला खरं सांगा. वर्गात जन्मभर थापा ऐकल्यात मी, ओळखू येतात."

वानखडे खाली बघत म्हणाले, "दाराकडे पाहत होती. पहिलं इंजेक्शन दिलं, डोळे जड झाले, तरी मान उचलून दाराकडेच पाहत होती. मान खाली ठेवेचना."

काकांची मूठ साखळीवर आवळली गेली.

"मग मी तिले म्हटलं..." वानखडेंची पुस्तकी मराठी तिथे सुटली. "म्हटलं, येऊन राह्यले माय ते. येऊनच राह्यले. नीज तू. तवा तिनं मान टाकली. तिले खरं वाटलं, काका. अन् मीच तर तुमाले दाराबाहेर बसवलं होतं. मरणाऱ्या जिवाशी खोटं बोललो मी. जनावर कधी आपल्याशी खोटं बोलत नाई. तवापासून कोण्याच जनावराशी बोलायचं तोंड नाई राह्यलं मले. मनून हे काम सोडून राह्यलो."

मी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. गणित तपासावं तसे ते कितीतरी वेळ समोर बघत राहिले.

"खोटं कुठे बोललात?" ते म्हणाले. "आलो की मी. जरा उशीर झाला."

वानखडे ओंजळीत तोंड घालून हमसाहमशी रडले. एवढा आडवा माणूस. काका कोणाच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांतले नव्हते, ते फक्त बाकावर सरकून त्यांच्या अगदी जवळ बसले. मीही रडले, लाजले नाही. इतकी वर्षं मी मालकांना त्या बाकावर बसवत आले, पण आमच्यातला कोणी तिथे कधी बसला नव्हता. बसवायला हवं होतं, हे त्या दिवशी कळलं. पुढे प्रत्येक वेळी मी ती पाटी लावली आणि ज्याने इंजेक्शन दिलं त्यालाही चहा दिला. मोठे डॉक्टरसुद्धा यायला लागले. आलं कमी आहे म्हणून तक्रार करायचे.

काका उठले तेव्हा मी त्यांना म्हटलं, कॉम्प्युटरमधून चिंगीचं नाव काढून टाकते. म्हणाले, "राहू द्या. फक्त लसीला बोलावू नका." निखिलने तशी सोय करून दिली, चिंगीसाठी आणि ब्राऊनीसाठीही.

त्याच शनिवारी दुपारी एक म्हातारा लॅब्रेडॉर झोपवायला आणला होता. आईवडील, दोन मुली, सगळं घर बरोबर. मोठे डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि काम वानखडेंकडे होतं. घरच्यांना नियम ठाऊक होता. मोठ्या मुलीने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, धाकटीला जवळ घेतलं आणि सगळे दाराकडे वळले. मी दार उघडून धरलं.

"बाहेर कुठं चालले?" वानखडे म्हणाले.

मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

"इकडून या," वानखडे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवत म्हणाले. "इथं उभे राहा. त्याले दिसाल असे."